पूर्वेकडच्या पायऱ्या

हॉलशॉ, २३ एप्रिल २०१४

प्रिय नॉरिस,

तीनदा फोन केला. पहिल्यांदा तुझ्या ग्लेनिसनं उचलला आणि तू बागेत आहेस म्हणाली. दुसऱ्यांदाही तू बागेतच होतास, आणि तेव्हा इथं धो धो पाऊस पडत होता. चार मैलांवर ब्रॅडिकला ऊन असेल, असं मी धरून चाललो. तिसऱ्यांदा तू स्वतः उचललास, माझा आवाज ऐकलास आणि ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. फोन ठेवून देता येतो. पत्र फाडायचं झालं तरी दोन हात लागतात, आणि तुझा एक प्लास्टरमध्ये आहे. ब्रेंडा म्हणते हा विनोद काढून टाक. बायकोचं ऐकून मी पत्रं लिहायला लागलो तर तुला ती माझी वाटणार नाहीत, म्हणून राहू देतो.

मनगट कसं आहे? दोन ठिकाणी मोडलंय असं ग्लेनिस म्हणाली. या वयात हाडं हळू जुळतात. वर्कशॉपमध्ये माझं बोट चेपलं होतं तेव्हा मला ते कळलंय.

गुड फ्रायडेच्या रग्बी सामन्यात जे झालं ते वाईट झालं. त्यात दुमत नाही. पण तू मनात काही वेगळंच घेऊन बसला असशील, तर मला माझी बाजू सांगू दे. मी त्या वेळी बंदोबस्तावर, खालच्या फाटकाशी होतो. चाकाच्या खुर्चीतले एक गृहस्थ आले होते, त्यांना जागा करून देत होतो. वर प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर काय चाललंय ते मला कळलंच नाही. कळलं तेव्हा तू पडलेला होतास आणि तुझी लेक जोसी तुझ्याजवळ गुडघ्यांवर बसली होती. मी धावत आलो, ते तू पाहिलंस.

क्रेग आणि त्याचे दोस्त जरा जास्त प्यायले होते. माझा जावई आहे म्हणून सांगत नाही, पण तो मनानं वाईट नाही. जोसीला तो घरचीच समजतो. तिचं लग्न होतं तेव्हा सगळ्यांत जास्त नाचला कोण? थट्टा करायला गेला आणि हाताबाहेर गेली, एवढंच. तुला धक्का त्यानं दिलेला नाही. तो कुणी दिला ते गर्दीत कळणं शक्य नाही.

चाळीस वर्षं आपण दोघं भाऊ त्याच पायऱ्यांवर उभे राहतोय, तू तुझ्या सासुरवाडीच्या, ब्रॅडिकच्या निळ्या सदऱ्यात आणि मी आपल्या हॉलशॉच्या लाल. एका दुपारमुळे ते संपत नाही.

तुझा,
क्लिफ


हॉलशॉ, ११ मे

प्रिय नॉरिस,

उत्तर नाही. हरकत नाही. तू लहानपणीही असाच होतास. माझ्यामुळे तुझी सायकल ओढ्यात गेली तेव्हा तू ईस्टरपासून व्हिटसनच्या सणापर्यंत, सात आठवडे, बोलला नव्हतास.

एक बातमी आहे, ती माझ्याकडूनच कळावी. क्लब पूर्वेकडच्या पायऱ्यांवर जाळी घालणार आहे. मधोमध, वरपासून खालपर्यंत, लोखंडी, दोन माणसं उंच. इकडे आमचे आणि तिकडे पाहुणे, दोघांची फाटकं वेगळी, मुताऱ्यासुद्धा वेगळ्या. पुढच्या महिन्यात सभासदांची सभा आहे, तिथं ठरेल. पॉलिन ओल्डरॉइड अध्यक्ष झाल्यापासून सगळं सभेत ठरतं.

बातमी कळल्यावर मी एकटाच मैदानावर गेलो. मी बंदोबस्ताचं पिवळं जाकीट घालायला लागलो त्याला बावीस वर्षं झाली. एका पैशाविना, शनिवार-रविवार, थंडीवाऱ्यात, लोकांना 'जिन्यावर उभे राहू नका हो' म्हणत घालवली. या बावीस वर्षांत मी कधी इकडच्यांना तिकडच्यांपासून वेगळं केलं नाही. फुटबॉलवाल्यांना पिंजऱ्यात घालतात, पोलिसांच्या रांगेतून स्टेशनावर नेतात. ते बघून आपण हसायचो. आपल्याकडे शेजारचा माणूस ब्रॅडिकचा असला की त्याच्याशी भांडायचं, त्याचे चिप्स खायचे, आणि तो लघवीला गेला की त्याची जागा धरून ठेवायची. आता ती जागा जाळीपलीकडे जाईल.

जाळी माझ्या अहवालामुळे येतेय असं काही जण म्हणतात. प्रत्येक प्रसंगाचा अहवाल लिहावा लागतो, मी लिहिला. 'दोन्ही गावच्या प्रेक्षकांत शाब्दिक चकमक होऊन एक वयस्कर गृहस्थ तोल जाऊन पडले.' त्यात कुणाचं नाव नाही, कुणाची बदनामी नाही. मला वाटलं हे सगळ्यांच्याच भल्याचं आहे. क्रेगची नोकरी नवी आहे. गेल्या वर्षी तो बेकार होता तेव्हा माझ्या लिंझीला काय काय सोसावं लागलं ते तुला माहीत आहे. बापाचा जीव आहे माझा, नॉरिस. तुलाही मुलगी आहे.

हे शेवटचं वाक्य लिहून मी परत वाचलं. तरी खोडत नाही.

क्लिफ


हॉलशॉ, १ जून

प्रिय नॉरिस,

काल जोसी भेटली. तिनं तुला सांगितलंय की नाही मला माहीत नाही. तुमच्या बसस्थानकासमोरच्या मासळी-चिप्सच्या दुकानाबाहेर. मी ब्रॅडिकला का आलो होतो विचारू नकोस. तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो आणि परत फिरलो होतो.

मी म्हणालो, "काय गं, कशी आहेस?"

ती म्हणाली, "बरी आहे, क्लिफकाका. शाळेत परीक्षा चालू आहेत."

"सामन्यांना येतेस ना?"

"नाही."

"अगं, चार वर्षांची होतीस तेव्हापासून येतेस तू. बापाच्या खांद्यावर बसून माझी टोपी ओढायचीस."

"हो," ती म्हणाली. "म्हणून तर."

मग मी माझं पाठ केलेलं बोलायला लागलो. क्रेगला पश्चात्ताप होतोय, दारू वाईट, गर्दीत माणसाला भान राहत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. शिक्षिका आहे, ऐकून घ्यायची सवय आहे. शेवटी म्हणाली, "काका, ते काय गात होते ते मी विसरले. खरंच विसरले. पण त्यात माझं नाव होतं ना, ते क्रेगला माहीत होतं म्हणून घातलं. मग ज्यांनी मला जन्मात पाहिलेलं नाही तेही माझं नाव घेऊन ओरडायला लागले. शंभरएक माणसं. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही बारा पायऱ्या खाली होतात. मला फक्त तुमची पाठ आठवते."

तिचे चिप्स गार झाले होते. तिनं ते माझ्या हातात दिले आणि बस पकडली.

नॉरिस, त्या दिवशी चाकाची खुर्ची नव्हती. कुणी गृहस्थ नव्हते. फाटकाशी कुणीच नव्हतं. मी पहिल्यापासून ऐकत होतो. क्रेगचा आवाज मी ओळखतो. दर रविवारी माझ्या टेबलावर जेवतो तो. दहा मिनिटं चाललं होतं, कमी नाही. तू आधी माझ्याकडे बघितलंस, ते मला पाठीला कळलं. तू हाकही मारलीस. 'क्लिफ!' अशी एकदाच. मी मैदानाकडे तोंड करून उभा राहिलो, जणू खेळाडूंच्या त्या झुंबडीत, स्क्रममध्ये, माझा जीव अडकलाय. मग तू स्वतःच वर गेलास. चौसष्ट वर्षांचा माणूस पाच तरण्या दारुड्यांशी बोलायला गेला, कारण ज्याचं ते काम होतं त्यानं तोंड फिरवलं होतं.

आज एवढंच जमतंय.

क्लिफ


हॉलशॉ, ३ जून

नॉरिस,

परवाच्या पत्रात एक राहिलं. राहिलं नाही, ठेवलं.

पहिल्या कडव्याला मी हसलो होतो.

आम्ही चार-बावीस असे मागे होतो. ट्राय करून तुमचे गुण वाढले की दर वेळी तू खाली माझ्याकडे बघून टोपी काढत होतास, जसा तू गेली चाळीस वर्षं काढतोस आणि जसा मीही काढतो. पण त्या दिवशी मला ते लागलं. वर्षभर आम्ही हरतोय, आणि हा माझा सख्खा भाऊ, आपल्या बापाच्या गावाचा, निळ्या सदऱ्यात टोप्या काढतोय. मग वरून गाणं सुरू झालं, मला त्यातलं जोसीचं नाव ऐकू आलं, आणि मी हसलो. 'घे आता' असं काहीतरी मनात आलं. तुझ्यासाठी आलं, तिच्यासाठी नाही, पण गाणं तिच्यावर होतं.

दुसऱ्या कडव्यापर्यंत हसू गेलं होतं. पण एकदा हसलेल्या माणसाला वळून 'बंद करा' म्हणणं जड जातं. मी पाठ फिरवण्याआधी क्रेगनं मला हसताना पाहिलं होतं. मला वाटतं, म्हणूनच तो थांबला नाही.

हे ब्रेंडालाही सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. ती भांडी घासत होती. म्हणाली, "मला माहीत होतं. तू घरी आलास तेव्हा एवढा चिडलेला होतास, की काहीतरी तुझंच असणार."

क्लिफ


हॉलशॉ, २५ जून

प्रिय नॉरिस,

सभा झाली. तुझ्या कानावर आलंच असेल. ब्रॅडिकमध्ये बातमी बसच्या आधी पोचते. तरी माझ्याकडून ऐक.

क्लबच्या हॉलमध्ये साठेक माणसं होती. जाळी हवी म्हणणारे निम्मे, नको म्हणणारे निम्मे, आणि चार जण इंग्लंड फुटबॉल वर्ल्ड कपमधून बाहेर कसं पडलं त्यावर बोलत होते. पॉलिन ओल्डरॉइडनी माझा अहवाल वाचून दाखवला. स्वतःची वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना अंगाला खाज सुटते. 'दोन्ही गावच्या प्रेक्षकांत शाब्दिक चकमक.' मग त्या म्हणाल्या, "दोन गावं एकत्र उभी राहू शकत नाहीत असंच यातून दिसतं. मलाही जाळी आवडत नाही. पण उद्या कुणी मेलं तर?"

त्या चुकीचं बोलत नव्हत्या. मी जे लिहिलं होतं ते खरं असतं, तर मीही जाळीलाच हात वर केला असता.

मी उभा राहिलो. मला भाषण येत नाही, तुला माहीत आहे. म्हणालो, "तो अहवाल खोटा आहे. लिहिणारा मीच आहे. चकमक झालीच नाही. ब्रॅडिकच्या कुणी तोंडातून शब्द काढला नाही. आपल्याच पाच जणांनी एका बाईवर घाण गाणं रचलं, तिचं नाव घेऊन. ती माझी पुतणी. गाणं सुरू करणारा माझा जावई. पडला तो माझा भाऊ. आणि बंदोबस्ताला मी होतो. मी ऐकलं, आणि हललो नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "बस खाली, क्लिफ. घरचं भांडण घरी भांड."

मी म्हणालो, "तेच सांगतोय. हे दोन गावांचं भांडण नाहीच. जाळी घातलीत तर काय होईल? ती पोरगी जाळीपलीकडे असेल आणि हे जाळीतून गातील. गाणं जाळीत अडत नाही. जाकीट घातलेला माणूस वळला असता तर अडलं असतं."

हसल्याचंही सांगितलं. ऐकणाऱ्यांतले बरेच जण त्या दिवशी पायऱ्यांवर होते, नॉरिस. किती तरी जण बुटांकडे बघत होते.

मग ओल्डरॉइडबाई म्हणाल्या, "मिस्टर हेग, जाकीट उद्या ऑफिसात आणून द्या." मी म्हणालो, "आणलंय," आणि पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. ब्रेंडानं धुऊन, इस्त्री करून दिलं होतं.

जाळीचा निर्णय लांबणीवर पडला. ऑगस्टमध्ये तुमच्याशी पुन्हा सामना आहे, तो जुन्याच पद्धतीनं, पायऱ्यांवर दारू बंद ठेवून. त्या दिवशी काय होतं ते बघून ठरवणार. क्रेगला आणि त्याच्या दोस्तांना वर्षभर मैदानात बंदी आहे. तुला धक्का त्या पाचांतल्याच एकानं दिला होता. ते त्यानं आता कबूल केलंय. क्रेग नव्हता, हे पहिल्या पत्रातलं तेवढं एक वाक्य खरं निघालं.

हे सगळं वाचून तुला मी शूर वाटलो असेन, तर थांब.

लिंझी दुसऱ्या दिवशी आली. दारातच उभी राहिली, कोट काढला नाही. म्हणाली, "बाबा, मला आधी सांगायचंत."

मी म्हणालो, "सांगितलं असतं तर तू थांबवलं असतंस."

"नसतं थांबवलं. मीच त्याला घेऊन आले असते सभेला. मीच त्याला उभं केलं असतं. मला दुकानात शेजारणीकडून कळलं, बाबा. तुम्हाला खरं बोलायचं होतं, पण माझ्या तोंडावर नाही. साठ लोकांसमोर सोपं असतं."

ती बरोबर बोलत होती. मी पुन्हा तेच केलं होतं. ज्याच्याकडे तोंड करायला हवं त्याच्याकडे पाठ. फक्त या वेळी त्याला टाळ्या मिळाल्या. थोड्याच, पण मिळाल्या.

तेव्हापासून ती आलेली नाही. क्रेग येणारच नव्हता. रविवारी ब्रेंडानं सवयीनं चार ताटं काढली आणि दोन परत ठेवली. मी बघितलं नाही असं दाखवलं, आणि तिनंही.

तुझ्याकडून मला काही नको. क्षमा मागतोय, पण तिची पोच देण्याची गरज नाही. जोसीला वेगळं लिहिलंय. तुला बरं वाटावं म्हणून नाही, माझ्या वतीनं.

क्लिफ


हॉलशॉ, ११ ऑगस्ट

प्रिय नॉरिस,

काल जे झालं ते तू पाहिलंस, मग लिहायचं कशाला, असं ब्रेंडा म्हणते. पण तू ते वरून पाहिलंस, आणि तू येशील हे मला माहीत नव्हतं. माझ्या बाजूनं ते कसं होतं ते सांगतो.

बावीस वर्षांनी तिकीट काढून आत गेलो. फाटकावरचा पोरगा म्हणाला, "क्लिफ, तू रांगेत?" जाकिटाशिवाय अंगाला काही तरी कमी असल्यासारखं वाटत होतं. कुठं उभं राहावं ते कळेना. शेवटी पूर्वेकडे गेलो, खालून दहाव्या पायरीवर. जोसी आलेली दिसली, दोन मैत्रिणींबरोबर, तिघी निळ्यात, अगदी त्याच जागी. मला बघून तिनं मान हलवली. हसली नाही. मी पुढे गेलो नाही. तिची दुपार तिची होती.

पहिला अर्धा वेळ बरा गेला. शिव्या नेहमीच्याच होत्या: पंचाला, वाऱ्याला, एकमेकांच्या आईबापांना, पण खेळीमेळीनं. पलीकडच्या ब्रॅडिकच्या म्हातारबुवांनी मला पुदिन्याची गोळी दिली. मला वाटलं, होईल निभाव.

मध्यंतरानंतर सुरू झालं. आमचीच चार पोरं, विशीतली, दारू न पिता. म्हणजे दारूचंही निमित्त नाही. त्यांच्यापुढे तुमच्या गावची एक बाई उभी होती, पन्नाशीची, एकटी, जाडजूड. तिच्या अंगावरून सुरू केलं. ती पुढे बघत राहिली. तसं बघत राहणाऱ्या माणसाची मान किती ताठ होते ते मला आता माहीत आहे.

मी इकडेतिकडे पाहिलं. पिवळं जाकीट घातलेला नवा माणूस लांब, कोपऱ्यात होता. चांगला आहे तो, पण लांब होता. आणि खरं सांगतो, नॉरिस, माझे पाय तेव्हाही लगेच हलले नाहीत. मला वाटलं, आता हे माझं काम नाही. काढून घेतलंय माझ्याकडून. किती सोयीचं! हा विचार मनात आला आणि त्याचीच मला एवढी किळस आली, की मी निघालो.

पाच पायऱ्या वर चढायच्या होत्या. गुडघा तुला माहीतच आहे. पोचेपर्यंत धाप लागली होती. म्हणालो, "पुरे आता, बाळांनो."

एक जण म्हणाला, "आजोबा, तुमचं जाकीट कुठाय?" ओळखलं होतं मला. गाव लहान आहे.

"काढून घेतलं."

"मग?"

"मग काय? तसाच आलोय."

ते हसले. दुसरा म्हणाला, "जावयाला धरून दिलंत, आता आमची पाळी का?" मी त्या बाईच्या आणि त्यांच्या मध्ये उभा राहिलो, एवढंच. हात खिशात घातले. मला वाटलं, आता धक्का बसणार; पडताना डोकं वाचवायचं.

तेवढ्यात आमच्या बाजूची एक बाई, लाल सदरा, हातात चहाचा पेला, मला पूर्ण अनोळखी, ती येऊन माझ्याशेजारी उभी राहिली. त्या पोराला म्हणाली, "गप रे. तुझ्या आईबरोबर मी धुलाईच्या दुकानात काम करते. रविवारी तू काय काय गातोस ते सोमवारी सांगू का तिला?" आजूबाजूला हशा पिकला. मग आणखी दोघं सरकले. मग तो पुदिन्याच्या गोळीवाला म्हातारा, 'काय झालं, काय झालं' करत. बघता बघता सातआठ जण झाले, लाल-निळे मिसळून. कुणी काही विशेष केलं नाही. नुसते उभे राहिले. पोरं थोडा वेळ इकडेतिकडे बघत होती, मग खेळ बघायला लागली.

त्या ब्रॅडिकच्या बाईनं मागं वळून एवढंच विचारलं, "किती झाले हो?" मी म्हणालो, "वीस-बावीस. तुम्ही पुढे." "हां, मग ठीक आहे," ती म्हणाली.

मी वळलो तर शेजारी तू होतास.

केव्हा आलास ते कळलं नाही. जोसी आज फोनवर म्हणाली, तू मुख्य स्टँडमध्ये बसला होतास आणि मी चढायला लागलो तेव्हा उठलास. तिथून इथवर यायला पूर्ण मैदानाला वळसा आहे, म्हणजे तू धावत आला असणार. तुला धाप लागली होती खरी. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मैदानाकडे बघत म्हणालास, "तुमच्या त्या फुलबॅकला चेंडू झेलता येत नाही."

आणि मग वीस मिनिटं आपण शेजारी उभे होतो. शिट्टी झाल्यावर तू जोसीबरोबर निघून गेलास. तुला वाटलं असेल, मी उत्तर दिलं नाही म्हणजे अजून ताठाच आहे. तसं नव्हतं. तोंड उघडलं असतं तर रडलो असतो, आणि आम्ही दोन गुणांनी हरत असताना हॉलशॉचा एक म्हातारा रडताना दिसला असता, तर तुम्ही लोकांनी ते मला मरेपर्यंत ऐकवलं असतं.

जाळीचं गुरुवारी ठरेल. काय ठरेल ते माहीत नाही. काल जे झालं ते दोन्ही बाजूंनी सांगता येईल: पोरांनी सुरू केलं म्हणून जाळी हवी, किंवा लोकांनी थांबवलं म्हणून नको. मी सभेला जाणार आहे. जायच्या आधी लिंझीच्या घरी जाऊन तिला सांगणार आहे, दार उघडलं तर. नाही उघडलं तर दाराबाहेरून सांगेन.

आणि आता तुझ्या बोलण्याचं उत्तर, जे तिथं देता आलं नाही.

नाही येत, नॉरिस. वाऱ्यात तर अजिबात नाही येत. गेल्या तीन सामन्यांत त्यानं पाच चेंडू सोडलेत. उंच आलेल्या चेंडूखाली तो आधी डोळे मिटतो आणि मग हात पुढे करतो. मी बाहेर उभा राहून, फाटकातून जवळून पाहिलंय. तुमचा तो पुढच्या फळीतला जाडा प्रॉप मात्र काल दोनदा रेषेपुढे सरकलेला होता आणि पंचाला दिसला नाही. यावर तुझं काय म्हणणं आहे?

तुझा,
क्लिफ